वाळू चाचपणारा माणूस
"डोळे मिटा, चाचा. काही लागलं की 'हो' म्हणा," असं सांगून डॉक्टर अनुया नायलॉनचा बारीक दोरा घेऊन अब्दुल्लांच्या पायांच्या तळव्यांपाशी बसल्या.

अब्दुल्लांनी डोळे मिटले, म्हणजे मिटल्यासारखे केले. पापण्यांच्या फटीतून त्यांना दोरा दिसत होता. तो टेकला की ते "हो" म्हणत. अशी चोरून बघायची विद्या त्यांनी शाळेतही कधी वापरली नव्हती. त्रेसष्टाव्या वर्षी वापरत होते.

कारणही तसंच होतं. एकतीस वर्षं ते आखातात लष्कराचा माल वाहणाऱ्या जहाजावर होते. ते जहाज धक्क्याला लागत नसे. थेट किनाऱ्यावर चढून पुढचा दरवाजा वाळूवर टाकायचं, आणि त्यावरून ट्रक उतरायचे. पण आधी एक माणूस अनवाणी उतरून वाळू चाचपायचा. कुठे घट्ट, कुठे पोकळ, हे तळव्यालाच कळतं. त्याने हात वर केला की पहिला ट्रक निघायचा. तो माणूस म्हणजे अब्दुल्ला. निवृत्तीनंतर सुकापूरच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं टीव्हीसमोर काढली आणि आता सहा महिन्यांसाठी पुन्हा बोलावणं आलं होतं. गडी दहा वर्षांनी तरुण झाला होता. फक्त तब्येतीच्या कागदावर सही हवी होती. मधुमेहाने तळवे बधिर झालेत, हे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं.

"नॉर्मल आहे सगळं," म्हणत अनुयांनी पेन उघडलं. कोपऱ्यात बसलेल्या अब्दुल्लांच्या बायकोने, नूरुन्निसांनी, मान खाली घातली.

अब्दुल्लांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांना ट्रकमधला ड्रायव्हर आठवला. तो वाळूकडे कधीच बघत नसे, फक्त अब्दुल्लांच्या हाताकडे बघे. एकतीस वर्षांत एकही ट्रक रुतला नाही, याची ते बिल्डिंगभर फुशारकी मारत. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

"सही नका करू, डॉक्टर. मी बघून सांगत होतो. पायाला काय कळत नाय."

अनुयांनी पेन ठेवलं आणि हे कधीपासून, असं विचारलं. उत्तर नूरुन्निसांनी दिलं.

"रमजानच्या आधीपासून. टाचेत माझी सुई घुसली होती, तशेच दिवसभर फिरले. दुपारी झोपले तवा मी काढली. जागे पन झाले नाय."

अब्दुल्ला त्यांच्याकडे वळले. "नि तू बोलली नाय?"

"तुमाला जायचं होतं."

तेव्हापासून त्या रोज दुपारी, ते झोपले की, त्यांचे तळवे तपासत होत्या, हेही तेव्हाच कळलं.

त्या दुपारी अब्दुल्ला झोपले नाहीत. नूरुन्निसा चष्मा लावून पायाशी बसल्या. उशीला टेकून ते त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. नजर हटवली असती, तर ती बोटं पायावर आहेत की नाहीत, हे त्यांना कळलं नसतं.