लक्ष्मीची भुवई

मुखवटा सुनेच्या हाती देताना पद्मावतीबाईंनी सूचना एकच केली होती. "विभूतीनं स्वल्प पूस, झालं."

वेदिका पुण्याची. इतक्या सोप्या कामात आपलं कौतुक ते काय होणार, असं तिला वाटलं. नव्या सुनांचं निम्मं नुकसान या एका विचारानं होतं.

मुखवटा वरमहालक्ष्मीचा, चांदीचा, पद्मावतीबाईंच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला. श्रावणातल्या व्रताच्या शुक्रवारी बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या घरी तो नारळाला बांधून कलशावर बसवायचे, साडी नेसवायचे, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणायच्या, "काय नजर आहे हो!" कुठंही उभं राहा, लक्ष्मी आपल्याकडेच बघायची. फार प्रेमानं बघायची असंही नाही. भुवया जराशा आखडलेल्या, जणू कुणीतरी तांब्या न विसळताच पालथा घातलाय. खुद्द पद्मावतीबाईसुद्धा माणसांकडे साधारण तशाच बघत.

यंदा बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून पूजा मुलाच्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये ठरली. "नीट झालं तर लक्ष्मी तुझ्याकडेच राहील," बाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर संहिता मागतेच आहे." संहिता म्हणजे वेदिकेची नणंद, होसकोट्याला दिलेली, आणि मागण्याच्या कामात कधीही मागे न राहिलेली.

गुरुवारी दुपारी वेदिकेनं फोनवर बघितलं तसं केलं. पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर मुखवटा, मूठभर खायचा सोडा, मीठ, वरून कढत पाणी. पाणी फसफसलं, सडक्या अंड्यासारखा वास सुटला, आणि बघता बघता सगळा काळेपणा गेला. ना घासणं, ना रगडणं. वेदिकेला इतका आनंद झाला की तिनं पळीपंचपात्रही त्यातच सोडलं.

मुखवटा पुसून तिनं उजेडात धरला. चांदी लखलखत होती, पण लक्ष्मीला डोळे नव्हते. भुवयाही नव्हत्या. बुबुळांच्या आणि भुवयांच्या खाचांत पिढ्यान्‌पिढ्या साचलेला काळेपणा हीच तर तिची नजर होती, आणि ती नजर आता पातेल्यातल्या पाण्यात गेली होती.

"प्रणीत!"

नवरा आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. कानातला एक इअरबड काढून बाहेर आला, मुखवटा बघितला आणि म्हणाला, "अय्यो."

"अय्यो काय? आई निघाल्यात का विचार."

"कॅबमध्ये बसली अम्मा. पण सिल्क बोर्डच्या चौकात अडकेल."

"राजाजीनगरहून येताना सिल्क बोर्ड कशाला लागेल?"

"बेंगळुरात अडकायला रस्ता लागत नाही. काजळ लाव ना!"

"आरतीच्या उष्णतेनं वितळलं की लक्ष्मी रडायला लागेल. बायका नवस बोलतील."

वेदिका नोकरीनं सॉफ्टवेअर तपासणारी. काही बिघडलं की रडण्याआधी ती विचारायची, नेमकं बदललं काय? ती पातेल्यापाशी गेली. फॉइल काळपट पडली होती. पाण्याला अजून तोच वास होता. तिनं पुन्हा हुंगलं. काळेपणा सुटला तेव्हा हा वास आला. मग हाच वास परत आणला तर काळेपणाही परत येईल का?

"अंड्याचा वास आहे," ती म्हणाली.

"खालून आणू अंडं?" प्रणीतनं तत्परतेनं विचारलं.

"वरमहालक्ष्मीला? तुझ्या आईला सांगू, नैवेद्य म्हणून?"

"सरी, सरी. बरं, नको."

ती मिसळणाचे डबे उघडून एकेक हुंगू लागली. हिंग उग्र, पण वेगळा. मोहरी नाही. कांदा तर उद्याच्या स्वयंपाकातही वर्ज्य. मग कोपऱ्यातली जलजिऱ्यासाठी आणलेली पुडी उघडली, आणि तिचे डोळे चमकले. पादेलोण! नावच ज्याची चहाडी करतं असा हा पदार्थ.

मुखवट्यावर प्रयोग करायचं धाडस नव्हतं. तिनं पायांतली जोडवी काढली. एकावर हिंगाची पेस्ट, दुसऱ्यावर गरम पाण्यात कालवलेलं पादेलोण. प्रणीत मीटिंग म्यूट करून शेजारी उकिडवा बसला. हिंगाच्या जोडव्याला नुसता फोडणीचा वास आला. पादेलोणाचं जोडवं आधी पिवळसर, मग तपकिरी, मग करडं होत गेलं.

"काळं होतंय!" प्रणीत ओरडला. जोडवं काळं पडल्याचा इतका आनंद झालेला नवरा अख्ख्या मारतहळ्ळीत दुसरा नसावा.

मग टूथपिकनं खाचांत पेस्ट भरणं, वाट बघणं, पुन्हा भरणं, आणि वरचा भाग विभूतीनं पुसणं. स्वल्प पुसणं. बुबुळं आली, उजवी भुवई आली. डावी काढताना दाराची बेल वाजली, हात हलला, पेस्ट खाचेबाहेर वर सरकली आणि पुसायच्या आत तिथं काळी रेघ उमटली.

पद्मावतीबाई आल्या. पाणी घेतलं नाही, बसल्या नाहीत, थेट मुखवट्यासमोर उभ्या राहिल्या. डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या. मग वाकून हुंगलं.

"जलजिरा पाजलात काय लक्ष्मीला?"

प्रणीतला अचानक मीटिंग आठवली आणि तो आत गेला. वेदिकेनं मात्र सगळं सांगितलं, फॉइलपासून जोडव्यांपर्यंत. लपवण्यात अर्थ नव्हता. भुवई समोरच होती.

"म्हणजे तो काळेपणा पाण्यातनं गेला कुठं?" बाईंनी विचारलं.

"चांदीचा सुटला आणि फॉइल काळपट पडली, आई."

"आणि हिंगानं का नाही झालं? वास तर त्यालाही आहे."

"ते मलाही कळलं नाही."

बाईंनी काळं जोडवं उलटंपालटं करून बघितलं. मग बोटाला विभूती लावली आणि डाव्या भुवईशी नेली. होसकोट्याचा रस्ता वेदिकेला डोळ्यांसमोर दिसू लागला.

बोट तिथंच थांबलं. एक भुवई आखडलेली आणि एक वर चढलेली, अशी लक्ष्मी दोघींकडे बघत होती. रागावलेली नव्हती. 'अगं, हे कसं केलंत?' असं विचारत असावी, तसा चेहरा.

"लग्न होऊन आले तेव्हापासून ही माझ्यावर डोळे वटारतेय," पद्मावतीबाई म्हणाल्या आणि विभूतीचं बोट त्यांनी पदराला पुसलं. "आज पहिल्यांदा चौकशी करतेय. असू दे तशीच. इथंच असू दे."

"आणि संहिताताई?"

"तिला जलजिरा पाठव," बाई म्हणाल्या आणि दुसरं जोडवं उचललं. "पाणी तापव गं. या हिंगाच्यावर आता कांदा लावून बघू. पूजा उद्या आहे, आज कोण विचारतंय!"