माकडं बाईला घाबरत नाहीत

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. नवरा झाडावरून पडून पाय मोडून बसला आणि मक्याचं अख्खं रान धाकटीच्या गळ्यात पडलं. थोरल्या दिरांनी दारातूनच सांगून टाकलं, "मका घरात आला तर ठीक. नाहीतर पुढच्या पेऱ्यापासून रान मी करीन. माकडं बाईला घाबरत नाहीत, हे काय मी सांगायला हवं?"

सांगायला नकोच होतं. माकडं भरदिवसा बांधावर यायची. धाकटी हातपाय झाडत ओरडायची आणि शेपूट तुटलेला म्होरक्या, लांड्या, तिच्या देखत कणीस सोलायचा. अर्धंच खायचा, फेकायचा, दुसरं तोडायचा. चोर तो चोर, वर शिरजोर!

शेवटी तिने नवऱ्याची पँट चढवली, शर्ट घातला, वेणी टोपीत कोंबली. खाटेवर नवरा हसून बेजार झाला.

"मिशी देऊ का काढून?"

"द्या की. खाटेवर काय उपयोग तिचा?"

युक्ती लागू पडली. पँट दिसली की माकडं पसार. पण पँट घातली की तोंडही शिवून ठेवायचं असतं, हे ती विसरली. एका सकाळी शेळी मक्यात घुसली आणि ती सवयीने ओरडली, "अगं मेले, दुसरं काही मिळालं नाही का गिळायला?"

झाडावरच्या लांड्याने मान वळवली. तिला नीट न्याहाळलं आणि सावकाश खाली उतरला. मागोमाग सगळी टोळी.

मक्याच्या ओळीच्या ओळी आडव्या झाल्या. धाकटी बांधावर बसून संतापाने रडली. रडता रडताच तिला उमगलं. माकडं पँटीला भीत नव्हती, पँटवाल्याच्या गोफणीला भीत होती. बाईने कधी दगड भिरकावलाच नाही, तर तिला कशाला घाबरतील? आणि आपण पँट घालून नवऱ्याचीच जरब वाढवत बसलो!

घरी येऊन तिने पँट खुंटीला टांगली. "गोफण शिकवा."

"खांद्यातून फिरव. आणि अंगावर नको मारूस, लांड्याच्या बुडाखालच्या फांदीवर नेम धर."

पहिल्या दगडाने अंगणातलं पाण्याचं मडकं फुटलं. दुसरा खाटेवर आदळला. "अगं, हा एक पाय तरी राहू दे!" नवरा ओरडला. खांदा सुजला, पण तिने गोफण खाली ठेवली नाही.

मग ती स्वतःच्या घागऱ्यात, डोक्याला लाल फडकं बांधून रानात गेली. लांड्या तिला बघून मजेत पाय हलवत बसला. दगड सुटला. त्याच्या बुडाखाली फांदी कडाडली आणि तो कोलांटी खाऊन पळाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा पळाला. पुढे पुढे लाल फडकं बांधावर दिसलं की टोळी ओढ्यापलीकडूनच माघारी फिरायची.

मका घरात आला. थोडा गेला होता, पण बराच आला. थोरले दीर दारात येऊन घुटमळले. धाकटीने जीव मुठीत धरला. आता रानाचा विषय काढणार.

"तुझं एखादं लाल फडकं असेल तर दे," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "माझ्या शेंगा संपवल्या मेल्यांनी. मी बांधावरून नुसता ओरडतो, मला तर आता जुमानतच नाहीत."

"फडकं देते, भाऊजी," धाकटी म्हणाली. "पण फडक्याखाली बाई लागेल. जाऊबाईंना उद्यापासून पाठवा, गोफण मी शिकवते."