अमेयच्या गल्लीची शीट

सुधाकररावांनी पिपलानीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंगं काढली. माणूस देवमाणूस, पण आपल्या शीटवर दुसऱ्याचा हात लागलेला खपायचा नाही. कुणी एक रेघ जरी ओढली तरी शीट फाडून नवी करायला घेत!

यंदा त्यांच्या बायकोला, शालिनीताईंना, इंग्लंडला मुलाकडे, अमेयकडे जायचं होतं. बॅगसुद्धा भरून झाली होती. तेवढ्यात हृदयानं दगा दिला आणि डॉक्टरांनी विमानावर फुली मारली. "मरायच्या आधी पोराचं घर तरी दिसेल का हो मला?" त्या विचारायच्या.  सुधाकररावांनी बोर्डावर शीट लावली.

मग रोज अमेयनं फोनवर आपली गल्ली सांगायची आणि बाबांनी ती शीटवर काढायची. क्रेसेंट म्हणजे चंद्रकोरीसारखी वळलेली जुन्या घरांची ओळ. सॅश म्हणजे वर-खाली सरकणारी खिडकी. फॅनलाइट म्हणजे दारावरची अर्धगोल काच. मागचा बोळ तो म्यूज, तिथे पूर्वी घोडे बांधायचे.

"आणि आता?"

"आता माणसं राहतात, आई. चांगली ऐटीत."

"अगंबाई! तबेल्यात?" त्या खुदकन हसल्या.

शब्द त्यांना तोंडपाठ झाले. भाजी निवडता निवडता शेजारच्या विनिताला त्या फॅनलाइट समजावून सांगायच्या.

शीट पुरी झाली तेव्हा त्यांनी ती कितीतरी वेळ बघितली. "छान आहे. पण दारात अमेय कुठंय? आणि खिडकीत आपण दोघं?"

"अगं, ड्रॉइंगमध्ये माणसं नसतात."

"काढा की हो!"

"नियम म्हणजे नियम," म्हणत ते चहा ठेवायला गेले.

आठवड्याभरात शालिनीताई गेल्या.

अमेय आला. दिवसवार उरकल्यावर तो बोर्डाजवळ थबकला. "बाबा, ही माणसं तुम्ही काढलीत?"

सुधाकरराव चष्मा लावून वाकले. दारात पेन्सिलीचा एक काडीपैलवान उभा होता. वरच्या सॅशमध्ये दोन डोकी, एकाला भलामोठा अंबाडा. रेघा सगळ्या थरथरलेल्या.

"आग लागो माझ्या नियमाला!" त्यांना हुंदका आवरेना. "दोन मिनिटांचं काम होतं रे. काढली असती तर काय बिघडलं असतं माझं?"

शीटच्या कोपऱ्यात नेहमीची चौकट होती. 'काढले' या शब्दासमोर त्यांचं नाव होतं. त्यांनी डोळे पुसले, पेन उघडलं, आणि आपल्या नावाच्या आधी लिहिलं: शालिनी.