दुसरा श्वास

"जो आपला श्वास ओळखतो, त्याच्याकडे काळ ढुंकूनही पाहत नाही," हे प्रकाशा गावच्या मठातल्या बाबांचं वचन पुटपुटत गिरधरनं गावातल्या घराच्या कुलपात किल्ली फिरवली. बाबांना स्वतःचा श्वास बहुधा चांगलाच ओळखीचा असावा. मठाच्या कोठारात पहिला उंदीर मरून पडला, त्याच दुपारी ते आपला श्वास बैलगाडीत घालून गुजरातेत घेऊन गेले होते.

शहाद्याकडचं त्याचं सगळं गाव प्लेगाच्या भीतीनं मळ्यांतल्या झोपड्यांत राहायला गेलं होतं. देव मात्र घरीच होते. त्यांना मळ्यात हलवायची रीत नव्हती, आणि तिन्हीसांजेला त्यांच्यापुढे दिवा लावायला घरातल्या पुरुषानं यायला हवं होतं. इतके दिवस थोरला भाऊ बन्सीलाल यायचा. काल तो 'तळोद्याला सासुरवाडीला जातो' म्हणून निघून गेला आणि दिवा गिरधरच्या गळ्यात पडला.

नाकाशी कापराचा रुमाल धरून तो आत शिरला. दिवा लावताना हात असा हलत होता, की देवांच्या सावल्या भिंतीवर पळू लागल्या. जणू त्यांनाही मळ्यात जायचं होतं. गिरधरनं काख चाचपून पाहिली. सकाळपासून तेच चाललं होतं. गाठ नव्हती. मग बाबांनी शिकवल्याप्रमाणे तो डोळे मिटून बसला. येणारा श्वास पाहायचा. जाणारा श्वास पाहायचा. बाकी काही करायचं नाही.

हळूहळू छातीतली धडधड खाली बसली. श्वास संथ झाला, स्पष्ट ऐकू येऊ लागला. आत आला, बाहेर गेला. गिरधरला बरं वाटलं. त्यानं श्वास रोखून धरला.

श्वास चालूच राहिला.

तो कणगीमागून येत होता.

"कोन शे?"

"मी शे. बन्सी. जवळ येऊ नको."

"तू तं तळोदाले गयथा ना, भाऊ?"

"गऊच नही. मांगला दारथून आत उनू. काखमा गाठ शे." बन्सीलाल पुढे म्हणाला, "कोनले समजनं तं समदासले प्लेगनी छावणीमा लई जातीन. तू जाय."

गिरधर दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवला. बाहेर मोकळी गल्ली होती, पुढे मळा, मळ्यात बायको. मागे अंधारातला श्वास भरभर, तुटक येऊ लागला होता.

त्यानं कडी आतून लावली. रुमाल फाडून अर्धा कणगीमागे फेकला.

"सुस्त दम ले, भाऊ. येस तो देख. जास तो देख."

"हाई कोनी शिकाडं?"

"प्रकाशाना बाबानी."

"तो तं पळी गया."

"पळाले बी दम लागस."

कणगीमागून हसल्यासारखा आवाज आला. मग दोन श्वास आपापल्या वाटेनं चालले, अडखळले, थांबले आणि पुष्कळ वेळानं एका चालीनं चालू लागले. गिरधरनं उठून दिव्यात तेल घातलं. थेंबही सांडला नाही.

पहाटे गाठ फुटली. प्लेगाची नव्हती, काखेत होणारं साधं गळू, काखमांजरी होती. बन्सीलालला ती दर फाल्गुनात व्हायची.