पोटभर वीज

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. मुलुंडला एका चाळीत पलंगाखाली बसलेली असते. बसलेली म्हणजे आळशी नव्हे बरं! शेजारी माझी बहीण, आणि आम्हा दोघींना तारांनी जोडलेला इन्व्हर्टर. घरात वीज असते तेव्हा हा इन्व्हर्टर भिंतीतल्या बोर्डातून ती घेतो आणि आम्हाला भरवतो. वीज गेली की आमच्याकडून मागून घराला वाढतो. एवढं साधं आहे. मी शाळा शिकलेली नाही, तरी मला कळतं.

पोटात शिसं आणि तेजाबाचं पाणी, त्यामुळे मी जन्माचीच जड. जिन्यावरून आणताना दोन हमालांना घाम फुटला होता. आणलं ते ह्या घरच्या सुनेने, रुचिकाने. तिच्या सासूबाई जानकीबाई शिवलेल्या नऊवाऱ्या करतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं पायमशीन सुटलं. मोटारीच्या मशीनला वीज लागते, म्हणून आम्ही.

पण जानकीबाईंना आम्ही पहिल्या दिवसापासून नकोशा. "मुंबईत वीज जाते होय गो? तुझ्या माहेरी जात असेल!" असं सुनेला ऐकवून त्या इन्व्हर्टरचं बटण बंद करायच्या, भिंतीतलंही. "बसल्या जागी बिल खातात मेल्या!" मित्रांनो, आम्ही महिनोन्‌महिने उपाशी. वर पलंगाखालच्या धुळीचा मान!

मग एका मंगळवारी वीज गेली. इन्व्हर्टरचं बटण दाबून मशीनची पिन आमच्याकडे लावली, दोन टाके पडले आणि इन्व्हर्टर पीं पीं करून गप्प. "बघ तुझ्या लाडक्या!" जानकीबाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी रुचिकाने वायरमन नंदकुमारला बोलावलं. त्याने आधी भिंतीकडे बघितलं.

"काकू, हे बटण कोणी बंद ठेवलं?"

"मी. वीज असताना ह्यांचं काय काम?"

"वीज असते तेव्हाच ह्या जेवतात, काकू. पाहुणे दारात आल्यावर तांदूळ निवडता का तुम्ही?"

जानकीबाईंनी स्वतः सरकून त्याला पलंगाखाली वाट करून दिली. हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं! नंदकुमारने आमच्यात बॅटरीचं पाणी घातलं, नळाचं नव्हे, आणि बटणं चालू केली. आधी भराभर, मग सावकाश, आम्ही तीन दिवस घास घास घेत राहिलो. पोट भरलं.

आणि बरोबर शनिवारी, अकरा वाजता, रस्ता खणताना जेसीबीने केबल तोडली. संध्याकाळी पाचला चाळीतल्या दिशाच्या मंगळागौरीच्या ग्रुपची स्पर्धा. बारा बायका, आणि जानकीबाईंकडे शिवायला टाकलेल्या नऊवाऱ्यांपैकी तयार फक्त नऊ. दिशा फोनवर रडकुंडीला आली. "मावशी, तिघींनी काय गाऊन घालून फुगड्या घालायच्या?"

"शिवते गो! जीव खाऊ नको!" जानकीबाईंनी पिन आमच्यात लावली. मशीन धावलं. मग बाईंचा आवाज ऐकावा! रुचिकाने टेबलफॅन लावला, तर "काढ तो! माझ्या बायांचं अन्न वाऱ्यावर घालवू नको." शेजारचा विशाल मोबाईल चार्जिंगला घेऊन आला, त्यालाही वाटेला लावलं. रुचिका निऱ्यांसाठी इस्त्रीची पिन खोचणार, तोच त्यांनी तिचा हात धरला. "इस्त्री एका घासात ह्यांना संपवेल गो! गादीखाली घाल नऊवारी, आणि वर बस." रुचिका बसली. निऱ्याही बसल्या.

शेवटच्या काष्ट्याला इन्व्हर्टर पीं पीं करू लागला. मी बहिणीला म्हटलं, आता मागे हटायचं नाही! शेवटचा टाका पडला, दोरा तुटला, तेव्हा साडेतीन वाजले होते.

दिशा धापा टाकत आली. "मावशी, अख्ख्या चाळीत वीज नाही. एकटीने कसं केलंत?"

"एकटी कुठली? माझ्या दोघी होत्या ना," जानकीबाई म्हणाल्या, आणि वाकून पदराने आमच्यावरची धूळ पुसली.

मित्रांनो, राबणाऱ्याला कामाच्या दिवशीच हाक मारू नका. आदल्या दिवशी विचारा, बाई, जेवलीस का? मग उभं राहून बघा, ती काय करते ते!