ओर्सोलाच्या दारातला हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. मित्रांनो, पितळेचा नव्हे! सिनेमावाल्यांनी मला तीनदा पितळेचा म्हटले, म्हणून आधीच सांगून टाकतो.

इटलीतल्या एका डोंगरी गावात मी ओर्सोलाच्या चुलीवर साखळीला लटकत असे. रोजच्या जेवणाला धाकटा हंडा होता. मी वीस माणसांचा, मळणीच्या दिवशीच खाली यायचो. पण जर्मन फौजेचा अंमल आला आणि रानात लपलेल्या नऊ बंडखोर पोरांसाठी ओर्सोला माझ्यात रोज पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, घोटू लागली. काय मिरवलो मी तेव्हा!

आमच्याकडे तळाची खरपुडी सुटावी म्हणून हंडा पाणी भरून दारात ठेवतात. ओर्सोलाने सवयीने मलाही ठेवले. एका सकाळी एक जर्मन अधिकारी थांबला. त्याने मला बुटाने ठोकले.

"घरात माणसं किती?" दुभाष्याने विचारले.

"मी आणि सासूबाई. त्याही अंथरुणाला खिळलेल्या."

"मग एवढा हंडा?"

"डुकरासाठी शिजवते हो."

"डुक्कर तर परवा आम्हीच नेलं, बाई!"

दारातून रानाकडे गेलेल्या बर्फातल्या पाऊलखुणा धरून ते रानात गेले. नऊ पोरे मेली. वर सूड म्हणून गावातले सात पुरुष चर्चच्या भिंतीशी गोळ्या घालून मारले.

दारातले ते बोलणे गावात कुणी ऐकले नव्हते, म्हणून गावाने फितूर शोधला. गिरणीवाला आदेल्मो बंदुकीच्या धाकाने जर्मनांचे दळण दळत असे. त्याच्यावर खापर फुटले. ओर्सोलाला सगळे ठाऊक होते, पण ती गप्प बसली आणि मला माळ्यावर टाकले. आदेल्मो झुरून मेला. मी वर नुसता चरफडत राहिलो.

तीस वर्षांनी त्याच घटनेवर सिनेमा काढायला माणसे आली. ओर्सोलाच्या अंगणातच गिरणीवाला जर्मनांच्या कानाला लागतो, असा प्रसंग चालला होता. आदेल्मोची मुलगी इल्दे धावत आली.

"माझा बाप असा नव्हता हो!"

"ताई, सिनेमात फितूर लागतोच," दिग्दर्शक म्हणाला. "नाहीतर लोकांनी राग काढायचा कुणावर?"

तेवढ्यात म्हातारी ओर्सोला मला ओढत दारात आली. तिने माझ्यात पाणी ओतले.

"इल्दे, त्या दिवशी जर्मनांना हा इथं दिसला. मीच ठेवला होता गं."

इल्दे माझ्याशेजारी बसली.

"थांबवा! मधे ते भांडं कुणी आणलं? उचला आधी!" दिग्दर्शक ओरडला.

सिनेमा खूप चालला. फितूर गिरणीवालाच राहिला.

मित्रांनो, मला घासू नका, चालेल. माझ्यावर हिरवी पुटे चढू द्या. पण आदेल्मोचे नाव तेवढे कुणीतरी घासून स्वच्छ करा.