सांध्यावरचा सहावा डबा

सहावा डबा सांध्यावर पोचला, क्षणभर अडखळला आणि बाजूला कलंडला.

डॉक्टरांनी गाडी थांबवली. दातांचा दवाखाना बंद केल्यावर त्यांनी मागच्या खोलीत टेबलभर ही छोटी रेल्वे मांडली होती. डब्यांना चाकं त्यांनी स्वतः बसवली. रूळ टाकले ते व्याह्यांनी. व्याही जन्मभराचे टेलरमास्तर. डोळे झाकूनही सरळ रेघ मारतील असे.

"रुळाला फाटा फुटतो तिथेच पडतो. म्हणजे रूळ वाकडा," डॉक्टर म्हणाले.

"बाकीचे पाच डबे काय उडत जातात?" मास्तरांनी चष्मा काढला. "तुमची चाकं बघा आधी."

"चाळीस वर्षं दात बसवलेत मी."

"त्यातले किती टिकले ते पेशंटला माहीत."

त्यावरून शब्दाने शब्द वाढला आणि मास्तर चपला घालून निघून गेले. दोन रविवार फिरकलेच नाहीत. लेकीचा फोन आला की डॉक्टर तिच्या सासऱ्यांचं नाव काढत नसत, मागाहून बायकोला विचारत, "आणखी काय म्हणाली?"

तिसऱ्या रविवारी सकाळी त्यांनी तो डबा उलटा केला आणि दात तपासायचा आरसा आत घातला. एका आसावरची दोन चाकं केसभर जवळ बसली होती. सांध्यावर आली की चाकाची कड रुळावर चढत होती. त्यांनी चिमट्याने चाकं लांब केली. गाडी अकरा फेऱ्या बिनबोभाट धावली.

"आता करा फोन," बायको दारातून म्हणाली.

डॉक्टरांनी फोन उचलला, खाली ठेवला. मग चाकं पुन्हा होती तितकी जवळ ढकलली आणि नंबर लावला.

"अजून पडतोय हो. मला काही सापडत नाही. तुम्हीच येऊन बघा."

बायको चहा टाकायला गेली.

मास्तर पंधरा मिनिटांत हजर झाले. डबा पडताना त्यांनी नीट पाहिला, उचलून उलटा केला, एकेक चाक फिरवलं. त्या आसापाशी त्यांचं बोट थबकलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"चाकं उत्तम आहेत," मास्तर डबा खाली ठेवत म्हणाले. "माझंच चुकलं. रूळच वाकडा."

आणि बाह्या सारून त्यांनी अख्खा सांधा उखडायला घेतला.

डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि एकेक खिळा काढून द्यायला लागले.